चिऱ्याच्या खोलीत हाय-फाय: खोके आल्यापासून पावसाळा सरेपर्यंत

स्पीकरची खोकी दारात उतरली की हात आधी सुरीकडे जातो. चिकटपट्टी फाडायची, तारा कोंबायच्या आणि आवाज सोडायचा. गोव्यातल्या फोंड्याजवळच्या ह्या घरात त्या दिवशी सुरीआधी मोजपट्टी निघाली, आणि पुढे जे जमले ते बरेचसे त्यामुळेच. खोली ५.२ मीटर लांब, ३.७ मीटर रुंद, स्लॅबपर्यंत उंची २.९ मीटर. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, वर गिलावा. जमीन मोझॅकची. आवाजाच्या हिशेबाने हा दगडी डबाच.

डबा म्हटल्यावर त्याचे स्वतःचे सूर आलेच. आपल्याकडच्या २८ अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४८ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागले की पहिला घुमणारा सूर मिळतो: लांबीचा ३३ हर्ट्झ, रुंदीचा ४७, उंचीचा ६०. लांबीचा दुसरा येतो ६७ ला, म्हणजे उंचीच्या ६० ला जवळजवळ चिकटून. इथेच पुढचे दुखणे दिसायला हवे होते. तंबोऱ्याचा षड्ज काळी एकला लावला तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास वाजते. खोली नेमकी त्याच जागी घुमणार.

ह्या हिशेबावरच उभे मोठे, म्हणजे फ्लोअरस्टँडर स्पीकर बाद झाले. ते ३५ हर्ट्झपर्यंत उतरतात, आणि चिऱ्याची जाड भिंत तो खर्ज बाहेर जाऊ देत नाही, परत खोलीत फेकते. मंगळुरी कौलांचे, माळा नसलेले जुने घर असते तर गोष्ट वेगळी होती. तिथे छप्पर उतरते असते, कौलांच्या फटींतून खर्ज निसटतो आणि मोठे स्पीकर मोकळे वाजतात. स्लॅबच्या ५६ घनमीटर खोलीला १६.५ सेंटिमीटर वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या भागाचा, बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचा छोटा स्पीकर) पुरतो. घेतलेल्या जोडीत २५ मिलिमीटरचा रेशमी घुमटीचा ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा), खर्जाला जोर देणारी बास-रिफ्लेक्सची नळी मागच्या बाजूला, प्रत्येकी वजन ८ किलो, संवेदनशीलता ८६ डेसिबल.

८६ हा आकडा कागदावर कमी वाटतो आणि मग माणूस १५० वॉटचा ॲम्प्लिफायर शोधत फिरतो. हिशेब असा. एका वॉटला एक मीटरवर ८६. ऐकण्याची जागा २.९ मीटरवर, तिथपर्यंत जाताना साधारण ९ डेसिबल गळतात. दोन स्पीकर वाजतात त्याचे ३ मिळतात, खोलीच्या परावर्तनाचे आणखी ३ धरा. म्हणजे वॉटमागे ८३ डेसिबल कानाशी. तबल्याच्या थापेचे टोक १०० ला न्यायचे असेल तर १७ डेसिबल हवेत, म्हणजे ५० पट शक्ती: ५० वॉट. वर प्रत्येक ३ डेसिबलला वॉट दुप्पट होतात. ५० वरून ७० वॉटवर गेल्याने दीड डेसिबल मिळतो, कानाला तो जेमतेम कळतो. वॉटपेक्षा ॲम्प्लिफायर ४ ओहमवर स्थिर राहतो का ते विचारावे. ८ ओहमचा म्हणवणारा स्पीकर काही सुरांवर ४ ओहमच्या जवळ उतरतोच.

गोव्यात राहणाऱ्याने पाटीवरच्या आकड्यांइतकेच महत्त्व वूफरच्या हलणाऱ्या शंकूभोवतीच्या, म्हणजे कोनाभोवतीच्या, लवचीक कड्याला, म्हणजे सराउंडला द्यावे. फोमचे सराउंड दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन गळते. ब्यूटाइल रबराचे टिकते. पेटी एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, असणारच. तिचे बाहेरचे आवरण ठीक असले तरी पाणी शिरते ते उघड्या कडांतून: तारांच्या वाटीचे भोक, नळीचे भोक, तळातले स्क्रू. विकत घेण्याआधी तारांची वाटी उघडून बघू देत असतील तर आतली कड सीलबंद आहे की कोरी, ते पाहावे. दुकानात ऐकून ठरवायचे तर बहुतेकांना मुंबई, पुणे नाहीतर बंगळुरूला जावे लागते. पण दुकानातली खोली वातानुकूलित, गालिचा घातलेली आणि पडद्यांनी भरलेली असते. तिथे ट्वीटरची जात कळते. खर्ज घरी कसा लागेल ते मुळीच कळत नाही.

खोकी चोर्ल्याच्या घाटातून टेंपोने आली, म्हणजे धक्के खाऊनच. उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करावे आणि दोन्ही अनुक्रमांक जुळतात का ते बघावे. कोनाच्या मध्याभोवती चार बोटे ठेवून तो हळूच आत ढकलायचा: खरखर लागली तर चुंबक सरकले आहे आणि व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनामागचे तारेचे वेटोळे, घासते आहे. ट्वीटरला मात्र बोट लावायचे नाही, घुमटी दबली की दबलीच. मग फोनवरून ४० हर्ट्झचा सूर अगदी मंद वाजवायचा. स्वच्छ गुणगुण आली तर ठीक. कुरकुर आली तर आधी स्क्रू तपासा, धक्क्याने ते सैल होतात. घट्ट करताना समोरासमोरचे आळीपाळीने आणि हातानेच करा. एमडीएफमधला स्क्रू यंत्राने पिळला तर आटे कायमचे जातात.

स्टँड ६० सेंटिमीटरचे घेतले. पेटी ३८ सेंटिमीटर उंच, ट्वीटर जमिनीपासून ९२ वर येतो. आरामखुर्चीत बसलेल्या माणसाचा कान साधारण ९५ वर असतो, म्हणजे जमले. स्टँडच्या पोकळ खांबात रेती भरली की त्याचा टणत्कार मरतो. मात्र किनाऱ्यावरची रेती चालत नाही. तिच्यातले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंडी खांब आतून गंजतो. बाहेर तांबडे डाग येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. बांधकामाची धुतलेली रेती दोन दिवस कडक उन्हात वाळवून, प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांत भरून मग खांबात सोडली. एका खांबात सुमारे ४ किलो बसली. खालच्या अणकुचीदार पायांखाली रुपयाची नाणी ठेवली, नाहीतर मोझॅकवर भोके पडतात. पेटी आणि वरची पाटी ह्यांच्यामध्ये चिकट पुटीच्या चार गोळ्या, वाटाण्याएवढ्या.

तारांवर जगभर जेवढे भांडण होते तेवढे त्यांत काही नाही. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.००७४ ओहम रोध. चार मीटर तार, जाऊन-येऊन आठ: ०.०६ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हा एक टक्काही नाही. विजेच्या दुकानातली लवचीक तार पुरते. समुद्राजवळचा खरा प्रश्न तार हिरवी पडण्याचा आहे. खारी हवा उघड्या टोकातून आवरणाच्या आत शिरते आणि तांबे बोटभर आतपर्यंत हिरवे-काळे होते. बोटींवर वापरतात तशी कथील चढवलेली तार मिळाली तर तीच घ्यावी, थोडी महाग पडते एवढेच. साधी असेल तर १२ मिलिमीटर सोलून, सगळे केस पिळून बनाना प्लगमध्ये स्क्रूने आवळावी, आणि दरवर्षी पावसानंतर टोक कापून नव्याने सोलावी. एखादा केस जरी बाहेर राहून शेजारच्या टोकाला टेकला तरी ॲम्प्लिफायर बंद पडतो. संरक्षण चांगले असेल तर बंदच पडतो, नसेल तर जळतो.

तांबडे तांबड्याला, काळे काळ्याला. इतकी साधी गोष्ट, आणि तरी पहिल्या दिवशी एका बाजूला उलटी लागली होती. लक्षण ओळखण्याजोगे: खर्ज गायब, आणि गायक मध्ये उभा राहण्याऐवजी डोक्याभोवती कुठेतरी पसरलेला. तारेच्या आवरणावर रंग नसेल तर ॲम्प्लिफायरपासून तारा सोडवून टोकांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवायचा. सेलची अधिक बाजू तांबड्याला लावल्यावर बहुतेक वूफर बाहेर येतात. एखाद्या बनावटीत उलटही असते. दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलले म्हणजे झाले.

विजेचे मात्र सोपे नाही. चालू करताच स्पीकरमधून ५० हर्ट्झची गुणगुण आली. मल्टिमीटर लावला: फेज-न्यूट्रल २३२ व्होल्ट, पण न्यूट्रल-अर्थ ९ व्होल्ट. दोन-तीनच्या वर गेले की संशय घ्यावा. चिऱ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, एप्रिल-मे महिन्यात जमीन कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा खड्डा काम करीनासा होतो. खड्ड्यात बादल्या ओतून पाणी घातल्यावर दुसऱ्या दिवशी आकडा अडीचवर आला. तरी गुणगुण अर्धीच गेली. उरलेली येत होती टीव्हीच्या केबलमधून: तिच्या जाळीचा अर्थ वेगळा, घराचा वेगळा, आणि दोघांच्यामधून ॲम्प्लिफायरच्या अंगातून प्रवाह वाहतो. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल तारेने घेतला आणि ती गेली. त्या तारेत धातू नाही, प्रकाश जातो, म्हणून वर्तुळच तुटते. गुणगुण घालवण्यासाठी प्लगचे अर्थिंग काढून टाकणारे लोक आहेत. त्यांच्या घरी ॲम्प्लिफायरला हात लावू नये.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर ट्रान्सफॉर्मर भुणभुणतो आणि तापतो, साइन वेव्हचाच हवा. आणि मे महिन्यात, तसेच पाऊस परतताना ऑक्टोबरात, संध्याकाळी गडगडायला लागले की प्लग भिंतीतून काढायचा, केबल आणि इंटरनेटची तारसुद्धा. सर्ज प्रोटेक्टर रोजच्या झटक्यांसाठी असतो, जवळ पडलेल्या विजेपुढे तो टिकत नाही.

आता बसवण्याचे. स्पीकर आखूड भिंतीशी ठेवले, म्हणजे आवाजाला लांबी मिळते. पहिली जागा: वूफरचे तोंड स्पीकरमागच्या भिंतीपासून ७५ सेंटिमीटर. दिसायला छान. वाजवले तर बायांची, म्हणजे डग्ग्याची, घुमक पोकळ, नुसती थापेची कड ऐकू येते. कारण सरळ आहे. खालचे सूर पेटीला वळसा घालून मागे जातात, भिंतीवर आपटून परत येतात, आणि जिथे हे अंतर तरंगलांबीचा चौथा हिस्सा असते तिथे मूळ आवाजाला खोडतात. ३४८ भागिले चारपट अंतर, म्हणजे ३ मीटर: ११६ हर्ट्झ. बायां जिथे बोलते तिथेच खड्डा. स्पीकर मागे सारून तोंड ५५ वर आणले, खड्डा १५८ हर्ट्झच्या आसपास गेला आणि उथळही झाला. पेटीची खोली २८ सेंटिमीटर, त्यामुळे मागची नळी आणि भिंत ह्यांत २७ उरले. नळीला श्वास घ्यायला १५ ते २० पुरेसे असतात. बायां परत आली. वीस सेंटिमीटरात इतका फरक पडतो, हे पैसे देऊन कुठल्याही तारेत मिळत नाही.

दोन ट्वीटरमधले अंतर २.३ मीटर. खुर्ची स्पीकरमागच्या भिंतीपासून ३.२ मीटरवर, म्हणजे खुर्चीमागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर. हा काही देवाचा नियम नाही, पण पहिला अंदाज म्हणून चांगला आहे. अगदी मध्यावर बसले तर लांबीचा पहिला सूर नाहीसा होतो, भिंतीला टेकून बसले तर सगळेच सूर अंगावर येतात. खुर्चीपासून डावा-उजवा ट्वीटर मोजताना पट्टी लावून एक सेंटिमीटरच्या आत जुळवावे. नजरेने मोजू नये, घराच्या भिंती काटकोनात नसतात. मग स्पीकरची तोंडे किती आत वळवायची? सरळ ठेवले तर गायक पसरतो, पूर्ण कानाकडे वळवले तर सतार टोचायला लागते. इथे दोघांच्या रेषा डोक्यामागे अर्ध्या मीटरवर भेटतील इतपत वळवणे ठीक बसले. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवा. लादी पुसणारी व्यक्ती स्पीकर हलवणारच.

टाळी वाजवली तर खोलीत ‘टर्रर’ असा फडफडाट येत होता. दोन कोऱ्या समांतर भिंतींमध्ये आवाज टप्पे खातो तो हा. मदतनीसाने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यावा, आणि खुर्चीतून जिथे ट्वीटर दिसेल तिथे काहीतरी शोषणारे लावावे. सतरंजी भिंतीवर टांगून भागत नाही, ती फक्त वरचे सूर खाते आणि खोली बोदी करते. जाडी १० सेंटिमीटर हवी. ग्लासवूल उत्तम, पण पावसाळ्यात त्यावरचे कापड ओल धरते आणि बुरशीचा वास सुटतो. म्हणून पॉलिएस्टरच्या दाबलेल्या फायबरचे, सुती कापडात गुंडाळलेले तक्ते, भिंतीपासून ३ सेंटिमीटर सोडून टांगले. हवा मागून फिरत राहते. प्रत्येकी १२० बाय ६० सेंटिमीटर, दोन बाजूंना दोन, मागे एक. पुस्तकांचे कपाट मागच्या भिंतीला उरलेले काम करते. आधी तक्ते आणि मग महागडा डीएसी (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारे यंत्र), हा क्रम पुष्कळ लोक उलटा करतात.

यूएसबीचा मोजणीचा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर लावल्यावर हिशेबाने सांगितलेले दुखणे पडद्यावर उभे राहिले: ६५ हर्ट्झला आठ डेसिबलचा डोंगर. तंबोरा वाजवला की खर्जाची तार खोली व्यापते आणि पंचम बुडतो. रुंदीचा ४७ मात्र जवळजवळ दिसला नाही, कारण दोन्ही स्पीकर सममित आणि खुर्ची मध्यावर. प्लेअरमधल्या इक्वलायझरमध्ये ६६ हर्ट्झ, वजा ६ डेसिबल, क्यू (फिल्टरचा अरुंदपणा) ५, असा एकच फिल्टर घातला. डोंगर कापावेत, खड्डे भरू नयेत. १५८ चा खड्डा भरायला तिथे शक्ती ओतली तर परत येणारी लहरही तेवढीच वाढते आणि पुन्हा खोडते. वाया जातो तो ॲम्प्लिफायरचा वॉट. ३०० हर्ट्झच्या वरचे मायक्रोफोनच्या आलेखावरून सुधारू नये, ते कानाने आणि जागेने.

परीक्षेला काय लावावे? साधा तंबोरा, एकटा तबला, बाईचा मध्य सप्तकातला आवाज. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, पण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरच्या ध्वनिमुद्रणाने ट्वीटर पारखू नये. त्यात वरचे सूर मुळातच नाहीत, आणि जो स्पीकर तिथे ‘चमकतो’ तो खरखर चमकवत असतो. नवा स्पीकर शंभर तास ‘मोकळा’ होऊ द्यावा असे सांगतात. सराउंड आणि स्पायडर (कोनाला मागून धरणारे लवचीक कडे) पहिल्या काही तासांत थोडे सैल पडतात हे खरे. पुढचे बरेचसे मोकळे होणे कानाचे असते. उत्साहाच्या पहिल्या आठवड्यात मात्र एक पाळावे: रात्री दहानंतर आवाज खाली. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि चिऱ्याची भिंत कितीही जाड असली तरी खिडकी उघडीच असते.

जून लागला की हाय-फायचा ऋतू बदलतो. गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि खोलीतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहते. स्वस्तातला आर्द्रतामापक स्पीकरच्या शेजारी ठेवा. ६५ च्या खाली आणता आले तर बुरशी धरत नाही, त्यासाठी डीह्युमिडिफायर रोज तीन-चार तास लागतो. ॲम्प्लिफायर वाजवा किंवा वाजवू नका, रोज अर्धा तास चालू ठेवा, आतली ऊब ओल घालवते आणि व्हॉल्यूमचे बटण खरखरायला लागत नाही. पेटी प्लास्टिकने झाकू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर बरी. ग्रिलच्या कापडावर पांढरे ठिपके आले तर ते काढून, बाहेर नेऊन ब्रशने झाडायचे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाने टिपायचे. कोनावर काहीही ओले लावायचे नाही. बनाना प्लग महिन्यातून एकदा काढून फिरवून परत बसवावा. तेवढ्या घासण्याने गंजाचा थर निघतो.

आणि प्राणी. ॲम्प्लिफायरच्या झरोक्यांतून ऊब शोधत पाल शिरते. दोन टोकांना एकदम टेकली तर तीही जाते आणि फ्यूजही. झरोक्यांवर बारीक जाळी बाहेरून, हवा अडणार नाही अशी उभारून लावावी. मागच्या नळीत वाजवत नसताना पायमोजा गोळा करून ठेवावा, कारण कुंभारीण माशीला ५ सेंटिमीटरचे कोरडे भोक फार आवडते. पायमोजा घट्ट बसला आहे का ते बघावे. चवथीनंतर टॉर्च मारली तेव्हा डाव्या नळीतला जागेवर होता. उजव्यातला एका बाजूने सरकलेला, आणि त्या फटीत मातीचे घर अर्धे बांधून झालेले.